मद्रासचा नकाशा आणि औषधाची जागा

आयसोनियाझिड हे क्षयरोगावरचं औषध १९५२ पासून रुग्णांना दिलं जातंय. ते क्षयाच्या जंतूमध्ये नेमकं कुठे जाऊन बसतं, याचं अणूअणूंचं चित्र मात्र मिळालं १९९८ मध्ये. मधली ४६ वर्षं डॉक्टर औषध देत होते, रुग्ण बरे होत होते आणि ते कशामुळे बरे होतात याचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी जमत होतं.

औषधांचा बराचसा इतिहास असाच आहे. गुण आधी दिसतो, कारण मागाहून कळतं. संरचनात्मक जीवशास्त्राने हा क्रम उलटा करून पाहिला. रोगाच्या मुळाशी असलेल्या प्रथिनाचा आकार आधी शोधायचा आणि मग त्यात बसेल असा रेणू घडवायचा, अशी ही रीत. तिच्या पायाचं एक मोठं काम चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये झालं. ज्या वर्षांत ते झालं, त्याच वर्षांत त्याच शहरात आयसोनियाझिडची फार महत्त्वाची परीक्षा चालू होती. दोन्ही कामांत काही मैलांचंच अंतर होतं. ती एकमेकांना भेटायला चार दशकं जावी लागली.

आधी ती परीक्षा. १९५६ साली मद्रासच्या चेटपट भागात क्षयरोग उपचार संशोधनाचं केंद्र सुरू झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद असे चौघे त्यामागे होते. क्षय झाला की सॅनेटोरियम, असं तेव्हाचं समीकरण होतं. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं नाव त्यासाठी घराघरांत ठाऊक होतं. पण देशातले लाखो रुग्ण ठेवायचे तर तेवढ्या खाटा आणायच्या कुठून? म्हणून मद्रासच्या केंद्राने थेट तुलना केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, बाकीच्यांना गर्दीच्या वस्तीतल्या त्यांच्या घरीच औषधं दिली. औषधं दोन्हीकडे तीच, आयसोनियाझिड आणि ‘पास’ नावाचं दुसरं औषध. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. जगभरातली क्षयाची सॅनेटोरियमं पुढे बंद पडत गेली, त्यात या अभ्यासाचा वाटा मोठा होता. आज हे केंद्र राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं.

गोळी काम करते हे सिद्ध झालं. कसं करते, हे सांगायचं तर जंतूमधल्या प्रथिनाचा आकार माहीत हवा होता. त्या दिशेचं काम शहराच्या दुसऱ्या भागात, गिंडीला चाललं होतं.

मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांना भौतिकशास्त्र विभागासाठी प्रमुख हवा होता. सी. व्ही. रामन यांनी आपल्या एका विद्यार्थ्याचं नाव सुचवलं. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन. जन्म १९२२, एर्नाकुलमचा. बंगळुरूला रामन यांच्या हाताखाली तयार झालेले, मग केंब्रिजला जाऊन आलेले. १९५२ मध्ये ते मद्रासला रुजू झाले तेव्हा वयाची तिशी गाठत होते. त्याच सुमारास ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. कोलॅजेनचा आकार अजून कुणालाच नीट उलगडलेला नाही, असं त्यांच्या बोलण्यात आलं आणि रामचंद्रन यांनी तेच काम हाती घेतलं.

कोलॅजेन म्हणजे कातडी, कंडरा, हाडं यांना बळकटी देणारं प्रथिन. सस्तन प्राण्याच्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त तेच असतं. कातडीवर संशोधन करणारी केंद्रीय चर्म संशोधन संस्था जवळच अड्यारला होती. तिथून कांगारूच्या शेपटीची कंडरा मिळाली. तिच्यातून क्ष-किरण सोडून उमटलेल्या ठिपक्यांवरून रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी १९५४ आणि १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये उत्तर मांडलं. तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफलेल्या, आणि प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन. तिसऱ्या जागी ग्लायसिनच का, याचं उत्तरही आकारातच होतं. गुंफणीच्या मधोमध फक्त एका हायड्रोजनला पुरेल एवढीच जागा उरते आणि वीस अमिनो आम्लांपैकी ग्लायसिनच्या बाजूला तेवढाच एक हायड्रोजन असतो. त्या जागी दुसरं अमिनो आम्ल आलं की गुंफण बिघडते. हाडं जन्मतःच ठिसूळ असण्याचा जो आनुवंशिक विकार आहे, त्याच्या अनेक रुग्णांत नेमका असाच एक बदल सापडतो.

या मांडणीवर टीका झाली आणि ती लहानसहान माणसांनी केली नव्हती. फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांचं म्हणणं असं की मद्रासच्या आराखड्यात काही अणू एकमेकांच्या फारच जवळ येतात. दर तीन अमिनो आम्लांमागे रामचंद्रन दोन हायड्रोजन बंध धरत होते, क्रिक आणि रिच एकच. या मुद्द्यावर पुढे क्रिक-रिच यांचीच बाजू टिकली. तिपेडी गुंफणीचा आराखडा मात्र मद्रासचाच राहिला. मला या वादात महत्त्वाचं वाटतं ते त्यातून निघालेलं पुढचं काम. ‘फारच जवळ’ म्हणजे किती जवळ? दोन अणू एकमेकांच्या किती अंतरापर्यंत येऊ शकतात? रामचंद्रन यांनी ठरवलं की हा प्रश्न मतांवर सोडायचा नाही, मोजून काढायचा.

त्यांच्याबरोबर सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन होते. अमिनो आम्लं आणि लहान पेप्टाइडं यांच्या तोवर प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचना त्यांनी तपासल्या आणि कोणते दोन अणू किती जवळ आलेले दिसतात याची यादी केली. ऑक्सिजन-ऑक्सिजन सामान्यतः २.७ अँगस्ट्रॉम, अगदीच ओढाताण झाली तर २.६. कार्बन-नायट्रोजनसाठी वेगळा आकडा, हायड्रोजनसाठी वेगळा. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढ्या मापाचा हिशेब त्यांनी इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या आधाराशिवाय केला.

प्रथिनाची साखळी अमिनो आम्लांची. दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध ताठ असतो, तो वळत नाही. वळतात ते मधल्या कार्बनच्या दोन बाजूंचे बंध. त्या दोन वळणांच्या कोनांना फाय आणि साय म्हणतात. प्रत्येक अमिनो आम्लापाशी हे दोन कोन किती, एवढं समजलं की साखळी कशी जाते ते कळतं. कागदावर दोन्ही कोन उणे १८० ते अधिक १८० अंशांत कितीही असू शकतात. प्रत्यक्षात आपलं कोपर जसं एकाच बाजूला वाकतं आणि दुसऱ्या बाजूला वाकवू गेलं तर हाडावर हाड येतं, तसं इथेही अणूवर अणू येतो. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही कोन थोडे थोडे बदलत प्रत्येक वेळी सगळ्या अणूंमधली अंतरं मोजली. मर्यादेत असलेली जोडी नकाशावर चालणारी, नसलेली निषिद्ध. नकाशा तयार झाला तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश भाग निषिद्ध निघाला. उरलेल्या बेटांपैकी एकावर रसायनशास्त्रज्ञ पाउलिंग यांनी मांडलेली आल्फा सर्पिल रचना बसत होती, दुसऱ्यावर बीटा पट्टे आणि कोलॅजेन. ग्लायसिनचा नकाशा मोकळा, कारण त्याला अडवणारी बाजूची साखळीच नाही. प्रोलिनचा अगदी आवळलेला, कारण त्याची बाजूची साखळी मुख्य साखळीलाच जोडलेली असते.

१९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’त हा नकाशा छापून आला. आता प्रत्येक जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात तो रामचंद्रन आलेख म्हणून असतो. त्या वेळी जगाला पूर्ण उलगडलेल्या प्रथिनांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढे हजारो रचना मिळाल्या, त्यांचे कोन या नकाशावर मांडले गेले आणि ते त्याच बेटांवर गोळा झाले.

याचा औषधाशी संबंध काय, असं वाचकाच्या मनात येईल. तो समजायला रचना शोधतात कशी ते थोडक्यात पाहावं लागेल. प्रथिन शुद्ध करायचं, त्याचे स्फटिक वाढवायचे, त्यातून क्ष-किरण सोडायचे. ठिपके मिळतात, त्यातून गणिताने इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा नकाशा मिळतो. पण तो फोटोसारखा स्वच्छ नसतो. स्फटिक मध्यम दर्जाचा असला की अणू सुटे दिसत नाहीत, नुसती जाड दोरीसारखी दाट जागा दिसते. तिच्यात साखळी बसवायची असते माणसाला, आणि माणूस चुकू शकतो. साखळी उलटी बसू शकते, एखादं अमिनो आम्ल पुढे-मागे सरकू शकतं. रचना बरोबर बसली की नाही याची पहिली झडती रामचंद्रन आलेख घेतो. निषिद्ध प्रदेशात बरेच ठिपके पडले तर काहीतरी चुकलंय. साखळी दाट जागेत बसवणारी संगणकीय साधनं पूर्वी हे दोन कोन सहसा विचारात घेत नसत, त्यामुळे ही झडती त्रयस्थाने केल्यासारखी राहायची. औषध घडवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला ती किती हवी असते, हे सांगायला नको. ज्या खाचेत रेणू बसवायचा ती खाच मुळातच चुकीची काढलेली असेल, तर वर्षानुवर्षांचं काम वाया जातं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाने आपल्याकडून प्रसिद्ध झालेल्या ११ प्रथिनरचना बहुधा बनावट असल्याचं जाहीर केलं. त्यांत डेंगीच्या विषाणूचं एक प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं कापणारं प्रथिन होतं, औषधासाठीचं थेट लक्ष्य. दहा वर्षं ती रचना खरी समजून लोक वापरत होते.

आता चित्र कामाला लागलं ते कसं, हे एचआयव्हीच्या उदाहरणात फार स्पष्ट दिसतं, आणि तिथेही मद्रासच भेटतं. १९८६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी एस. निर्मला यांनी भारतातली एचआयव्हीची पहिली लागण शोधून काढली. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये कातड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातल्या. त्यांनी १९९३ मध्ये उभं केलेलं एड्सविषयीचं संशोधन आणि शिक्षण केंद्र वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने आहे. ज्या काळात डॉक्टरही एचआयव्हीच्या रुग्णाला हात लावायला घाबरत, त्या काळात त्यांनी हे केलं. मराठी माणसांना हे नाव आहे त्याहून कितीतरी जास्त माहीत असायला हवं.

त्यांना निदान करता येत होतं, देण्यासारखं औषध मात्र फारसं नव्हतं. १९८९ मध्ये एचआयव्हीच्या प्रोटिएझची रचना मिळाली. हे विषाणूचं कात्रीसारखं काम करणारं प्रथिन. लांब साखळी कापून विषाणूचे सुटे भाग तयार करतं. ९९ अमिनो आम्लांच्या दोन अगदी सारख्या साखळ्या एकत्र येतात आणि त्यांच्या मधल्या बोगद्यात कापण्याची जागा असते. माणसाच्या शरीरातल्या या जातीच्या प्रथिनांची घडण अशी दोन जुळ्या तुकड्यांची नसते. म्हणजे विषाणूच्या प्रथिनाला अडवणारा, पण आपल्या प्रथिनांना फारसा न दुखावणारा रेणू बनवता येईल अशी आशा होती. कंपन्यांनी त्या बोगद्याच्या मापाने रेणू घडवले, प्रत्येक नवा रेणू पुन्हा स्फटिकात बसवून पाहिला, कुठे सैल पडतो, कुठे अडतो ते बघून बदलला. डिसेंबर १९९५ मध्ये सॅक्विनाविरला अमेरिकेत मान्यता मिळाली, १९९६ मध्ये रिटोनाविर आणि इंडिनाविर आली. रचना मिळाल्यापासून सुमारे सात वर्षांत तीन औषधं.

भारतातल्या गरीब रुग्णापर्यंत ही औषधं पोहोचायला मात्र आणखी वेळ गेला. सरकारी केंद्रांत एचआयव्हीचे मोफत उपचार २००४ मध्ये सुरू झाले. पहिली औषधं निकामी ठरलेल्यांसाठीचे पुढचे उपचार, ज्यात प्रोटिएझ अडवणारं औषध असतं, २००८ मध्ये आधी दोनच ठिकाणी मिळू लागले. एक चेन्नईजवळचं तांबरम, दुसरं मुंबईचं जे. जे. रुग्णालय. कोविडवरच्या पॅक्सलोविडमधल्या दोन औषधांपैकी एक हेच रिटोनाविर आहे, सोबतच्या औषधाचा यकृतात लवकर निचरा होऊ नये म्हणून घातलेलं. दुसरं, निरमाट्रेलविर, करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएझला अडवतं. त्या प्रोटिएझची रचना शांघायच्या शास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०२० मध्येच सर्वांसाठी खुली केली होती.

आणि आयसोनियाझिड? १९९२ मध्ये कळलं की हा रेणू स्वतः काहीच करत नाही. क्षयाच्या जंतूचं काटजी नावाचं एक एन्झाइम त्याला चेतवतं, तेव्हा तो धारदार होतो. १९९४ मध्ये त्याचं लक्ष्य सापडलं. त्याचं नाव इन्हा. जंतूच्या जाड, मेणचट कवचासाठी लागणारी लांब मेदाम्लं तयार करण्यात या एन्झाइमचा हात असतो. १९९५ मध्ये इन्हाची रचना मिळाली आणि १९९८ मध्ये औषधासकट रचना. त्या चित्रात असं दिसलं जे कुणी आधी नक्की सांगू शकलं नव्हतं. आयसोनियाझिड एकटं बसलेलंच नाही. इन्हाला कामासाठी लागणाऱ्या एनएडी या सहायक रेणूलाच ते रासायनिक बंधाने चिकटलेलं आहे आणि ही जोडगोळी खाचेत अडकून बसली आहे. तिला जागा देण्यासाठी १४९ व्या क्रमांकाच्या फिनिलअॅलनिनची बाजूची साखळी वळलेली दिसते.

औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचं कोडंही याच मार्गाने सुटलं. काटजीमध्ये ३१५ व्या जागी सेरिन असतं. अनेक प्रतिरोधी जंतूंत तिथे थ्रिओनिन आढळतं. दोघांत फरक एका मिथाइल गटाचा, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच. पण तेवढ्याने आयसोनियाझिड आत शिरण्याची वाट अरुंद होते, ते चेतवलं जात नाही आणि रुग्णाचं औषध वाया जातं. आज प्रतिरोधी क्षयाच्या तपासणीत जनुकाच्या पट्टीवर हीच जागा तपासतात. आणि काटजीची मदत न लागता थेट इन्हामध्ये बसतील अशा रेणूंचा शोध चालू आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे हा शोध आपल्या घरचा आहे. मूळचे नागपूरचे शेखर मांडे यांनी क्षयजंतूच्या प्रथिनांच्या रचनांवर वर्षानुवर्षं काम केलं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे ते संचालक होते आणि नंतर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले.

रचना मिळाली म्हणजे औषध मिळालं असं नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. खाचेत छान बसणारा रेणू आतड्यातून रक्तात जात नाही, यकृत त्याला मोडून टाकतं, तो हृदयाला इजा करतो, किंवा जंतू त्याला आत येऊच देत नाही. बहुतेक रेणू इथेच गळतात. आपल्याकडे मात्र संगणकावर एखादा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवून दाखवायचा आणि ‘नवं औषध सापडलं’ अशी बातमी द्यायची, अशी सवय वाढली आहे. संगणकाची मदत मोठीच आहे. आल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या आकारांचे अंदाज खुले केले आणि त्या कामाला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण अंदाज हा प्रयोगाने तपासावाच लागतो. त्यासाठी प्रथिन बनवणारे हात, स्फटिक वाढवणारी प्रयोगशाळा आणि धीर लागतो.

रामचंद्रन यांचं काम एका राज्य विद्यापीठात झालं, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. कुलगुरूंनी तिशीतल्या माणसावर विश्वास टाकला. कोलॅजेनपासून कोणतं औषध निघणार, असं त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तरही नव्हतं. आज आपल्या राज्य विद्यापीठांत प्राध्यापकांच्या कितीतरी जागा रिकाम्या आहेत, उपकरणं बंद पडली की दुरुस्तीला पैसे नसतात आणि संशोधनाच्या प्रस्तावात पहिल्याच पानावर ‘उपयोग’ लिहावा लागतो. अशा ठिकाणी पुढचा नकाशा तयार होणार नाही. हे बदलायला हवं, आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी दुसऱ्या कुणाची वाट बघू नये.

वाचकांत विज्ञानाचे शिक्षक असतील तर त्यांना एक विनंती. प्रोटीन डेटा बँक नावाचं प्रथिनरचनांचं जागतिक कोठार इंटरनेटवर सर्वांना मोफत खुलं आहे. १९७१ मध्ये सात रचनांनी सुरू झालेल्या या कोठारात आता दोन लाखांहून अधिक रचना आहेत. तिथे ‘१ झेड आय डी’ हा संकेतांक घातला की इन्हामध्ये अडकलेलं आयसोनियाझिड दिसतं, बोटाने फिरवूनही बघता येतं. त्याच पानावर पडताळणीचा अहवाल असतो आणि त्यात रामचंद्रन आलेखाचा निकाल. दोन्ही एकदा वर्गात उघडून दाखवा, आणि त्या आलेखाचं काम मद्रासच्या विद्यापीठात झालं होतं हे मुलांना सांगा.